स्वर्गीय बायनाबाई हजर आहेत

नागपूरच्या एका मोठ्या सभागृहात दीड हजार पोरंपोरी एका नसलेल्या बाईला टाळ्या वाजवत होती. माझी मुलगी आचल त्या कार्यक्रमाच्या कंपनीत नोकरीला असल्यामुळं मला सगळ्यात मागं, यंत्रांच्या टेबलाशेजारी, एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली होती. स्टेजवर जांभळ्या केसांची एक मुलगी गात होती, गिरक्या घेत होती आणि मधूनच "नागपूर, ऐकू येतंय ना?" असं विचारत होती. पोरं हातातल्या लुकलुकत्या कांड्या हलवून हो म्हणत होती.

"बाबा, ही कोणीच नाही," आचल माझ्या कानाशी म्हणाली. "आवाज कॉम्प्युटरनं बनवला, अंग आमच्या आर्टिस्ट लोकांनी काढलं. समोर बारीक जाळी ताणलेली आहे, ती अंधारात दिसत नाही. तिच्यावर प्रोजेक्टरनं पाडतो हे सगळं."

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर छत्तीस वर्षं काढली. कागदावर असलेल्या आणि जागेवर नसलेल्या पुष्कळ गोष्टी माझ्या हाताखालून गेल्या. पण त्यांतली एकही गात नव्हती.

"खऱ्या माणसाची बनवता येते का अशी?" मी विचारलं.

"येते की. जुनं रेकॉर्डिंग पाहिजे फक्त. दहा-बारा मिनिटांचं असलं तरी भागतं."

एवढंच बोलणं झालं. पुढं जे काही घडलं त्याची जबाबदारी मी मुलीवर टाकणार नाही. वडसाला परतेपर्यंत गाडीत मी एकटाच होतो आणि सगळा विचार मीच केला.

माझी थोरली बहीण बायनाबाई आमच्याकडंच, मागच्या खोलीत राहते. आमच्या भागात धान निघालं की गावोगाव नाटकांचे मंडप पडतात. त्या झाडीपट्टीच्या नाटकांतून तिनं अठरा हिवाळे गायलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला खाली एक भोक आहे, श्वास तिथूनच चालतो. त्यावर ती पांढरं फडकं बांधते. बोलायचं ते दुरेघी वहीत लिहून दाखवते. चौथी शिकलेली आहे, अक्षर ठसठशीत आहे, आणि बोलण्यासारखीच लिहिते. एखादा विषय तिला पुढं चालवायचा नसला की ती पेनाला टोपण लावते. वाद संपवायचा इतका खात्रीचा उपाय मला आणि माझ्या बायकोला तीस वर्षांच्या संसारात सापडला नव्हता.

मी तिला म्हणालो, "बाई, तुझा कार्यक्रम करायचा. तू स्टेजवर उभी राहशील, तुझ्याच आवाजात गाशील, आणि तुला काही करावं लागणार नाही."

तिनं लिहिलं, "कायले?"

यावर मी कला, वारसा आणि नवी पिढी या तीन मुद्द्यांवर थोडं सविस्तर बोललो. तिनं ते ऐकून घेतलं. मग "कर बापा" एवढे दोन शब्द लिहिले आणि टोपण लावलं. मी ती संमती समजलो. कचेरीत आम्ही याहून कितीतरी कमी शब्दांना संमती समजत असू.

आमचे शेजारी भैयाजी एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. अजूनही ते घरात बोलतात ते फलाटावर बोलल्यासारखं, त्यामुळं त्यांना काही कळलं की वेगळी दवंडी लागत नाही. संध्याकाळी ते येऊन बसले.

"देवानंदभाऊ, हे एकट्याचं काम नाई. समिती पाहिजे."

समिती झाली. भैयाजी अध्यक्ष झाले. बैठका माझ्या ओसरीवर, माझ्या चहावर व्हायच्या आणि ठराव त्यांचे असायचे. पहिल्या ठरावानुसार मला बाईचं जुनं रेकॉर्डिंग शोधायला कुरखेड्याला पाठवण्यात आलं. तिथं मुखरू नावाचे गृहस्थ राहतात. बाईच्या नाटकांना भोंगे लावायचं काम त्यांच्याकडं असायचं.

मुखरूभाऊ अंगणात हिरडा वाळत घालत होते. माझं ऐकून घेतल्यावर आत गेले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तीन कॅसेटी घेऊन आले. पहिलीवर नऊ मिनिटं बाईचं गाणं अगदी स्वच्छ होतं. दुसरीवर त्यांच्या साळ्याच्या लग्नाचा बँड भरलेला होता. तिसरीवर गाणं होतं, पण दर ओळीनंतर कोणीतरी खोकत होतं.

"तो खोकला माहा आहे," मुखरूभाऊ म्हणाले. "तेवढा राहू द्याल काय?"

मी सांगतो म्हणालो. कॅसेटी पिशवीत ठेवून उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी तिचे कोन?"

"भाऊ."

"सख्खे?"

"सख्खा."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "अठरा वर्सं भोंगा लावला तिच्या नाटकाले. मंडपात कोन कोन येते, सारे तोंडानं ओळखतो मी. तुमाले पाह्यल्याचं ध्यानात नाई येऊन राह्यलं."

"नोकरी होती," मी म्हणालो. "माजरीकडं. रजा मिळत नसे."

यातली नोकरी खरी होती. रजा मिळत असे. झालं होतं ते असं, की मी बाविसाव्या वर्षी कचेरीत लागलो आणि पहिल्याच हिवाळ्यात साहेबांनी नाटकाचं एक हँडबिल टेबलावर ठेवून विचारलं, "मारबते, या बाई तुमच्या गावच्या ना?" मी म्हणालो, "हो, गावच्या आहेत." टेबलाभोवतीची मंडळी हसली. नाटकातल्या बाईबद्दल त्या काळी जसं हसायचे तसं हसली. मी पण थोडा हसलो. जिच्या गाण्यावर माझं कॉलेज झालं ती बाई त्या दिवशी माझ्या गावची झाली. नंतर सांगायचं म्हटलं तर कधी आणि कसं? नोकरीच्या सहाव्या वर्षी एखाद्या मंगळवारी उभं राहून, ती माझी सख्खी बहीण आहे, असं जाहीर करायला तोंड लागतं. दरवर्षी दिवाळीनंतर तिचा निरोप यायचा, अमुक दिवशी अमुक गावाला प्रयोग आहे. दरवर्षी मी कळवायचो, रजा नाही. त्याआधी, कॉलेजात असताना, परीक्षेचं कारण असायचं.

कुरखेड्याच्या स्टँडवर बस यायला दीड तास लागला. तेवढा वेळ मी कॅसेटींची पिशवी मांडीवर धरून बसलो.

आवाजाचं काम आचलनं नागपुरात उरकलं. अंगाचं काम मात्र समितीत आलं. बाईचा त्या काळातला एकच फोटो होता, हँडबिलावरचा, आणि त्यातही अर्ध्या गालावर कोणीतरी शिक्का मारलेला. आचल लॅपटॉप घेऊन घरी आली आणि तिनं पहिलं चित्र दाखवलं.

"रंग थोडा उजळ करा," भैयाजी म्हणाले. "स्टेजवर उठून दिसाले पाहिजे."

"पदर डोक्यावर पाहिजे," माझी बायको आशाबाई म्हणाली. "चार लोक पाह्यणार."

मी मोठं कुंकू सुचवलं. खोटं कशाला बोलू, कंबर थोडी कमी करायची सूचनाही माझीच होती. आचलनं सगळ्यांचं ऐकलं. शेवटी जे तयार झालं ते साड्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर शोभलं असतं. ते आम्ही मागच्या खोलीत नेऊन बाईला दाखवलं.

बाईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि लिहिलं, "हे कोन?"

"तूच आहेस बाई."

"दात मोज."

मी मोजले. चित्रातल्या बाईला सगळे होते.

"पुढचा एक माहा पंचविसाव्या वर्सीच गेला. अन् मी काळी होती. गॅसबत्तीत बी काळीच दिसो," तिनं लिहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. दुकानात दुसऱ्याची पिशवी चुकून आपल्या हातात आली तर माणूस ती जशी परत करतो, तसा तिनं लॅपटॉप परत केला.

आचल तिथंच खाली बसली आणि आत्याला विचारून विचारून एकेक गोष्ट बदलत गेली. रंग, दात, कंबर, हातातल्या बांगड्या. संध्याकाळपर्यंत जी बाई पडद्यावर उभी राहिली तिला बघून मी ओसरीवर निघून आलो. ती खरंच बाई होती. समितीला ती पसंत पडली नाही. भैयाजींनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी परत घेतला.

आता परवानगी. आयुष्यभर मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो होतो. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर खिडकी किती खाली असते हे मला साठाव्या वर्षी कळलं. आतला तरुण कारकून माझ्याशी बोलताना मान वर करत नव्हता. ती युक्ती मीही वापरत असे.

"कलाकाराचं नाव?"

"बायनाबाई."

"वय?"

"सहासष्ट. स्टेजवर अठ्ठावीस."

त्यानं पेन खाली ठेवला. "काका, एक कायतरी सांगा. स्वतः हजर राहतीन काय त्या?"

"राहतील. खुर्चीत."

"मंग स्टेजवर कोन?"

"त्याच."

"एक मानूस दोन जागी दाखवाची सोय नाई या फॉर्ममधे."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. जाळी, प्रोजेक्टर, कॅसेट. शेवटी, मीही छत्तीस वर्षं याच कामात काढली आहेत, असं म्हणालो. तो म्हणाला, "मंग तुमाले तं माईतच असन," आणि जेवायला गेला. तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेत त्याला दया आली असावी. प्रकारांच्या यादीत नाटक, तमाशा, सर्कस असं बोट फिरवत तो 'जादूचे प्रयोग' या ओळीवर थांबला आणि म्हणाला, यात बसते. अशा रीतीनं माझ्या बहिणीची अठरा वर्षांची कला सरकारदरबारी जादू म्हणून नोंदली गेली. वेळ मिळाली दुपारी दोन ते पाच, कारण संध्याकाळी त्याच हॉलमध्ये एका लग्नाचं रिसेप्शन होतं.

दुपारी दोनला वडसात लख्ख ऊन असतं, आणि जाळीवरची बाई अंधाराशिवाय दिसत नाही. हॉलला चौदा खिडक्या. त्या झाकायला ताडपत्र्या पाहिजेत. पण त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं होतं आणि गावातली झाडून सगळी ताडपत्री धानाच्या ढिगांवर पडली होती. भैयाजींनी एका गिरणीतून नऊ मिळवल्या. त्यांत इतका कोंडा होता की बांधायला गेलेली माणसं शिंकत खाली उतरली. राहिलेल्या पाच खिडक्यांना आशाबाईच्या गोधड्या लागल्या.

जाळी नागपूरहून टेम्पोत आली आणि टेम्पोच्या खिळ्याला अडकून मधोमध हातभर फाटली. तशी जाळी पुन्हा मिळायला आठ दिवस लागले असते. माझा चुलतभाऊ लालसू तलावात मासे धरतो. लहान मासोळीसाठी त्याच्याकडं अगदी बारीक जाळं असतं. त्याचं ठिगळ लावलं. तीन वेळा साबणानं धुतलं तरी त्याचा वास काही जाईना.

पण हे सगळं सोसण्यासारखं होतं. जे व्हायला नको होतं ते फलकावर झालं. फलकाचा मजकूर मी स्वतः लिहून दिला होता: 'स्वर्गीय आवाजाच्या धनी बायनाबाई यांचा अभिनव कार्यक्रम'. छापणाऱ्याला जागा पुरली नाही. त्यानं मधले दोन शब्द गाळले. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चौकात बाईचा मोठा फोटो लागला आणि त्याखाली 'स्वर्गीय बायनाबाई यांचा अभिनव कार्यक्रम'. भैयाजींनी शोभा यावी म्हणून फोटोला झेंडूचा हारही घातला होता.

दीड वाजल्यापासून लोक यायला लागले. गर्दी पाहून मला आनंद झाला. मग लक्षात आलं, की बऱ्याच जणांच्या हातात नारळ आहेत. एका गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"लवकर गेल्या," ते म्हणाले.

"नाही हो, त्या बघा तिथं बसल्या आहेत."

त्यांनी तिकडं पाहिलं नाही. माझ्याकडंच पाहिलं आणि माझा खांदा हळूच थोपटला. दुःखानं माणसाचं असं होतं हे त्यांना माहीत होतं.

बाई पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, वही मांडीवर घेऊन बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिनं वहीचं एक पान उघडून धरलं होतं. त्यावर लिहिलं होतं, "मी आहो." तेवढ्यात दारातून नीलाबाई आल्या. बाईच्या नाटकांत त्या सासूचं काम करायच्या. पदरानं डोळे पुसत त्या थेट पुढं आल्या, फोटोसाठी आणलेला हार हातातच होता, आणि बाईला बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी बाईच्या पाठीत एक जोराचा धपका घातला.

"मेली म्हणून सिंदेवाहीवरून आली ना वो मी."

बाईनं लिहिलं, "मंग वापस जा." नीलाबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. त्या रडता रडता हसायला लागल्या आणि तो हार त्यांनी बाईच्याच गळ्यात घातला.

मी पहिल्या रांगेत बरोबर मधे बसलो. भैयाजींचं अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत साडेचार वाजले. अंधार झाला. जाळीवर बाई उभी राहिली, अठ्ठावीस वर्षांची, काळीसावळी, हिरव्या लुगड्यातली. फक्त तिचे पाय स्टेजपासून वीतभर वर होते.

"पाय टेकून नाई राह्यले," मागून एक म्हातारी शांतपणे म्हणाली. "गेलीच ते."

आचलनं मागून काहीतरी फिरवलं. बाई खाली आली ती गुडघ्यापर्यंत स्टेजमध्ये रुतली, मग वर येऊन नीट उभी राहिली. कोंड्यानं लोक शिंकत होते. लालसूच्या जाळ्याच्या वासानं एक मांजर स्टेजवर चढलं, बाईच्या पोटातून आरपार गेलं आणि ठिगळ चाटायला लागलं. लोक हसले. मला घाम फुटला. एवढा खटाटोप आपण नक्की कशासाठी केला, असं मनात येत होतं, तेवढ्यात बोडीचं, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्याचं, गाणं सुरू झालं.

बोडीच्या पारीवर लावला दिवा,
कोनाची चाहूल, सांग रे जीवा.

शिंका थांबल्या. मांजराला कोणी हाकललं ते कळलं नाही. मला आवाज आठवत होता असं मला वाटत होतं. मला काहीही आठवत नव्हतं. घरात चुलीपाशी गुणगुणणारी बाई मी ऐकली होती. मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारी ही बाई मी कधीच ऐकली नव्हती. मी रडायला लागलो. शेजारचे कोणी विचारत नसतानाही मी त्यांना सांगत होतो, "माझी बहीण आहे. सख्खी. माझी सख्खी बहीण आहे." एका क्षणी मी कडेला वळून पाहिलं. नीलाबाई स्टेजकडं बघत होत्या. बाई माझ्याकडं बघत होती.

"बायना, हे तं तूच वो," नीलाबाई म्हणाल्या.

बाईनं लिहिलं आणि वही रांगेतून हातोहात माझ्याकडं पाठवली. अंधारात मोबाईल पेटवून वाचलं. "मी नाई. इले दम लागत नाई."

नंतर आचलनं सांगितलं, की जुना आवाज साफ करताना मधले श्वास खरखर समजून काढून टाकतात. मुखरूभाऊंचा खोकलाही त्यातच गेला.

तिसरं गाणं रंगात आलं आणि घड्याळात पाच वाजले. रिसेप्शनचे डेकोरेशनवाले वेळेचे पक्के होते. त्यांनी बाहेरून ताडपत्र्या सोडायला सुरुवात केली. एक खिडकी उघडली, मग दुसरी. उन्हाचा पट्टा स्टेजवर आला तशी बाई पुसट होत गेली. आधी लुगडं गेलं, मग हात, आणि शेवटी तोंड. आवाज मात्र चालूच होता. रिकाम्या स्टेजवर ठिगळाची जाळी लोंबत होती आणि तिच्यामागून अठ्ठावीस वर्षांची बाई गात होती. लोक उठले नाहीत. गाणं संपेपर्यंत बसून राहिले, आणि डेकोरेशनवालेही शिडीवर तसेच थांबले.

दुसऱ्या दिवशी एका नाटक मंडळाचे मालक अमरभाऊ घरी आले. रोज संध्याकाळी सातला, नाटकाच्या आधी अर्धा तास, त्यांना ही बाई पाहिजे होती. पूर्ण हिवाळाभर, गावोगाव. भैयाजींनी समितीचं अभिनंदन केलं. मी तरंगतच मागच्या खोलीत गेलो. बाई पाटावर बसून मासोळी साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात पुसले आणि लिहिलं, "ने म्हना."

मी म्हणालो, "बाई, मी काल पुढं बसून रडलो. सगळ्यांना सांगितलं, माझी बहीण आहे म्हणून."

मला वाटतं, मला शाबासकी पाहिजे होती. साठ वर्षांच्या माणसाला असं काही वाटू नये, पण वाटतं. तिनं वही परत ओढली आणि या वेळी बराच वेळ लिहिलं.

"स्टेजवरून सारं दिसते देवा. पुढचं तोंडन् तोंड दिसते. अठरा वर्सं मी पडदा उघडला का आधी पाहो, तू आला काय. काल तू बसला. पन तिले दिसत नाई."

टोपण लागलं.

"बाई, चुकलं माझं," मी म्हणालो. तिनं माशी हाकलावी तसा हात हलवला आणि मासोळीची परात घेऊन मोरीकडं गेली. त्या हात हलवण्याला संमती समजण्याइतका मी आता कारकून राहिलो नव्हतो.

माणूस मात्र तोच होता. चूक झाली की दुरुस्ती-पत्र काढायचं, ही सवय. चार दिवसांनी मी आचलला फोन केला.

"ती समोर बघू शकेल का? एखाद्या माणसाकडं?"

"बघेल. कुठं बघायचं ते सांगा."

"पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची."

"किती वेळ?"

याचा विचार मी केला नव्हता. "चार सेकंद," मी म्हणालो.

"बाबा, आत्यानं बघायचं होतं ना? हिनं बघून काय होणार?"

"तू कर."

तिनं केलं. दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ती मान खाली करून डावीकडून तिसऱ्या खुर्चीकडं चार सेकंद बघणार होती. अमरभाऊंना ती खुर्ची माझ्यासाठी ठेवायला सांगितली. कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात कार्यक्रम होता. मी इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून, तीनच्या बसनं निघालो. बाईला सांगितलं नाही. मला ते पुरावा म्हणून आधी स्वतः बघायचं होतं, मग सांगायचं होतं.

वाटेत धानाचा एक ट्रॅक्टर आडवा झाला होता. पोती उचलून होईपर्यंत बस तिथंच उभी राहिली. मी मंडपात पोचलो तेव्हा दुसरं गाणं सुरू झालं होतं. डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. डोक्याला दुपट्टा, पायात काही नाही, मांडीवर मुरमुऱ्यांचा पुडा. अमरभाऊंचा माणूस त्याला उठवायला गेला असावा आणि त्यानं दाद दिली नसावी. आता गाण्याच्या मधे जाऊन "ही खुर्ची माझी आहे" असं म्हणणं शक्य नव्हतं. मी बांबूच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

दुसरं कडवं आलं. बाईनं मान खाली केली आणि त्या म्हाताऱ्याकडं पाहिलं.

तो आधी गोंधळला. त्यानं डावीकडं-उजवीकडं पाहिलं. मग ती आपल्याकडंच बघते आहे अशी त्याची खात्री झाली. त्यानं मुरमुऱ्यांचा पुडा खाली ठेवला, डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर नीट घेतला, ताठ बसला आणि दोन्ही हात जोडले. तोपर्यंत चार सेकंद झाले होते. बाईनं मान वर केली आणि ती मंडपाच्या छताकडं बघून गायला लागली. म्हातारा हात जोडून तसाच बसून राहिला.

नाटकाला मी थांबलो नाही. वडसाकडं जाणारा एक टेम्पो मिळाला. घरी पोचलो तेव्हा आशाबाई ताटं घेत होती. बाई आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं पाहून तिनं भुवई वर केली. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. आचलला केलेला फोन, खुर्ची, चार सेकंद, ट्रॅक्टर, म्हातारा. काही लपवलं नाही.

तिनं ऐकलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला आधी कळलंच नाही. मी घाबरून पाणी आणायला उठलो. तिनं हाताला धरून मला खाली बसवलं. ती हसत होती. ऑपरेशननंतर ती हसलेली मी पाहिली नव्हती. गळ्यावरचं फडकं फडफडत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिनं कशीबशी एक ओळ लिहिली.

"म्हातारा खूश झाला असन."

"झाला," मी म्हणालो, आणि मलाही हसू आलं. आम्ही दोघं बराच वेळ हसत राहिलो. खोलीत आवाज मात्र माझ्या एकट्याचाच येत होता.